काकांचा चष्मा बिलोलीला

काकांचा चष्मा बिलोलीला असे. औषधं इस्लापूरला, घराच्या किल्ल्या किनवटला, मोबाइल मुदखेडला. लवंगा-वेलदोडे कंधारला ठेवलेले असत, आणि चहा उकळायला लागला की कंधारला जाऊन ते आणायला मला चार पावलं चालावं लागे. कारण ही सगळी गावं नांदेडातल्या एका लहानशा घरात, पुढच्या खोलीच्या एकाच भिंतीवर होती.

हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. मी सरकारी कचेरीत कारकून. बदली होऊन नांदेडला आले आणि वरची खोली भाड्यानं मिळते का विचारायला काकांच्या दारात उभी राहिले. खुर्चीत एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. घरातल्या घरात असूनही अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल-निळी दुतोंडी पेन्सिल. काका माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "चेहरा दिसून न्हाई राहिला. बिलोलीहून चष्मा आन बरं."

"काका, बिलोलीला जाऊन यायचं म्हणजे माझा दिवस मोडेल."

"तुझ्या मागंच हाय बिलोली. देगलूरच्या वर."

मी मागे वळून पाहिलं. भिंतभर एक सागवानी मांडणी होती. सहा ओळी, ओळीत आठ कप्पे, प्रत्येक कप्प्याच्या कपाळावर सुबक अक्षरात एका गावाचं नाव. बिलोलीत खरोखरच चष्मा होता. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "कुठली तू?"

"भोकरजवळची."

"मग तू भोकर," ते म्हणाले, आणि खोली मला मिळाली. माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढे तीन वर्षं राहिले तरी विचारलं नाही. भोकरचा कप्पा तेवढा रिकामा करून दिला. त्यात माझी जादा किल्ली, माझी आलेली पत्रं आणि कधी कधी न सांगता ठेवलेलं एखादं सीताफळ असे.

काका रेल्वेच्या डाकगाडीत सॉर्टर होते. चालत्या गाडीत उभं राहून पत्रं गावोगावच्या कप्प्यांत टाकायची, पुढचं स्टेशन यायच्या आत त्या गावाची थैली बांधायची, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. डाकगाडी बंद पडली, आतली मांडणी भंगारात निघाली, ती काकांनी विकत घेतली आणि हातगाड्यावर टाकून घरी आणली. काकू तेव्हा होत्या. त्या म्हणे तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी हळदीची डबी उचलून हदगावात ठेवली आणि विषय संपला. मी आले तेव्हा काकू जाऊन पाच वर्षं झाली होती. मांडणीवर सगळ्यात वर, मधोमध, एका फळीवर बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारी काकूंचा फोटो होता. तेवढ्या जागेला गावाचं नाव नव्हतं.

माझा स्वभाव मुळात तापट. कचेरीत दिवसभर फायली शोधून आलेल्या माणसाला घरी येऊन मीठ कोणत्या तालुक्यात आहे ते शोधावं लागलं तर त्याचं डोकं फिरणारच. "काका, माणसं डब्यावर मीठ लिहितात," असं मी एकदा तणतणले. ते शांतपणे म्हणाले, "मीठ लिवलं तर एक मीठच ध्यानात राहते. नायगाव लिवलं तर मीठ बी राहते अन् नायगाव बी."

पत्त्याच्या बाबतीत मात्र ते कुणाचीही गय करत नसत. गल्लीतल्या एका भल्या माणसानं मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. लग्नस्थळ: मु. पो. पिंपळगाव. काकांनी चष्मा मागवला, पत्रिका वाचली, खिशातली पेन्सिल काढली आणि लाल बाजूनं लिहिलं, 'तालुका?' आणि पत्रिका त्याच्याच हातात परत दिली. "किती पिंपळगावं हायेत, ठाऊक हाय का? वऱ्हाड कोन्या पिंपळगावला जेवायला बसल?" तो बिचारा ओशाळून हसला. दुसऱ्या दिवशी तालुका लिहून आणला, तेव्हा काका अहेर घेऊन लग्नाला गेले. तालुका न लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणीच, मग तो कलेक्टर का असेना.

पण चुकलेल्या पत्राबद्दल त्यांना माया होती. भलत्याच गावाला गेलेल्या पत्राला त्यांच्या खात्यात 'मिससेंट' म्हणत. "त्याला परत मागं धाडायचं नसते," काका सांगत. "जिथं गेलं तिथनंच पुढं काढायचं. वर लिवायचं मिससेंट, मारायचा तिथला शिक्का, अन् धाडायचं. लपवायचं न्हाई. लपवलं की ते मेलं." पंचनामा करायला बसल्यासारखं मी विचारी, "आणि उशीर झाला त्याचं काय?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "उशिरा तं उशिरा. पोचलं न्हवं?"

माझ्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, मी एका सकाळी खाली आले तर काका मांडणीसमोर उभे होते. हातात चष्मा. हात कप्प्यांच्या दिशेनं उचललेला आणि तसाच अधांतरी थांबलेला. मी जिन्यावरून बघत होते. तो हात कधी थांबत नसे. बोलत असतानाही, मागे न बघताही तो बरोबर कप्प्यात जाई. त्या दिवशी तो थांबला, जरासा खाली आला, पुन्हा वर गेला. शेवटी त्यांनी चष्मा धर्माबादला ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा घेतलीस का, धर्माबाद?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना आपली चूक कळली होती आणि माझं खरं गाव मात्र तोंडात येत नव्हतं.

नंतर गॅसवर दूध राहिलं, दोनदा. पुण्याहून त्यांची मुलगी दिवाळीला आली तिला हे दिसायला दोन दिवस पुरले. ताई वाईट नव्हती, घाबरलेली होती. मला जिन्यात गाठून म्हणाली, "माझी आजी शेवटी स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हती. बाबांचं तसं झालं आणि ते इथे एकटे असले तर? मी त्यांना घेऊन जाते." काका आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि मांडणीला पाठ लावून उभे राहिले. "पुण्यात तुह्या फ्लॅटात ही बसल का?" त्यांनी विचारलं. ताईनं मांडणी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. तिच्या हॉलमध्ये तेवढी भिंतच नव्हती.

डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो निघाला. मी आणि ताई काकांच्या दोन बाजूंना बसलो होतो. डॉक्टरनं कागदावर पेशी काढल्या, त्यांच्या फांद्या काढल्या, फांद्यांवर बारीक बारीक टोकं काढली. म्हणाली, "आत्ता तरी हा मोठा आजार दिसत नाही. लक्ष ठेवू. लोकांना वाटतं, वय झालं की मेंदूतल्या पेशी पटापट मरतात. तसं नसतं. पेशी बहुतेक तशाच राहतात. ह्या टोकांपाशी त्यांचे एकमेकींशी जोड असतात, ते विरळ होतात. काही नुसतेच अशक्त होतात. मग निरोप इकडून तिकडे जायला वेळ लागतो."

काका पुढे वाकले. "म्हंजे गावं उठली न्हाईत?"

डॉक्टरला क्षणभर कळलं नाही. मग ती म्हणाली, "नाही, गावं आहेत."

"मधल्या गाड्या बंद झाल्या."

"काही बंद. काही लेट."

"लेट चालते," काका म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. "एक गाडी बंद झाली तं टपाल दुसरीकडनं फिरून जाते. तसं ह्याच्यात होते का?"

"होतं ना. नवा जोड तयार होणं म्हातारपणीही थांबत नाही. पण त्याला काम लागतं, नवं काम."

"मी रोज सकाळी अख्खी लाईन म्हनतो. मुदखेडपासून."

"ती तर तुम्हाला पाठच आहे काका," डॉक्टर म्हणाली. "त्यात मेंदूला नवीन काय मिळालं?"

हे त्यांना झोंबलं. पण ताईनं तेवढ्यात संधी साधली. सहा महिने बघू, असं ठरलं. पुन्हा दाखवायचं, आणि तोवर ढासळलं असेल तर पुणं. जाताना तिनं माझा हात धरला. "त्यांना एकटं लांब कुठे जाऊ देऊ नका. प्लीज." मी हो म्हणाले. तो शब्द मी पाळला नाही, हे आधीच सांगून टाकते.

तीन दिवस काका रुसून होते. चौथ्या दिवशी मी कचेरीतून आले तर मांडणीच्या उजवीकडच्या चार उभ्या रांगा रिकाम्या होत्या. चोवीस गावं उठवली होती. मीठ, हळद, बिलं, दोऱ्याची रिळं सगळी जमिनीवर वर्तमानपत्रावर पडली होती.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"लातूर बसवून राहिलो," ते म्हणाले.

नोकरीत लातूरकडचं टपाल त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. तिकडची थैली बंद यायची आणि बंदच पुढे जायची. "एवढी वर्सं लातूर म्हंजे मला नुसती एक बंद थैली," ते म्हणाले. "आता उघडून बघतो आत काय हाय ते." नियम त्यांनी स्वतःच केला. गावाला पाय लागल्याशिवाय त्याची चिठ्ठी कप्प्यावर लावायची नाही. पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटी फुकट होती. मंगळवारी गर्दी कमी, म्हणून मंगळवार. सकाळी निघायचं, गावात चहा प्यायचा, एका तरी माणसाशी बोलायचं, तिथली एक वस्तू आणायची आणि दिवस बुडायच्या आत परत.

मी अडवायला हवं होतं. पहिल्या मंगळवारी मी दारात आडवी उभीसुद्धा राहिले. ते म्हणाले, "भोकर, घरात बसून मी सांभाळला जाईन, पन मी उरीन का?" मी बाजूला झाले. मला त्यांचं पटलं होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

अहमदपूरहून रुमाल आला. चाकूरहून सुपारीएवढा गुळगुळीत दगड. निलंग्याहून तिथला प्रसिद्ध राईस कागदात बांधून आणला, आम्ही दोघांनी तो संपवला आणि त्यातला चमचा धुऊन निलंग्याच्या कप्प्यात गेला. उदगीरहून वस्तू आली नाही, एक चिठ्ठी आली. स्टँडवरच्या चहावाल्या बाईनं काकांना कानडीतलं एक वाक्य शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी जिना उतरले की काका विचारत, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का? सकाळी आठ वाजता! मी "हाव, आय्ता" म्हणायला शिकले, नाहीतर ते पुन्हा विचारत.

शुक्रवारी परीक्षा असे. मी गावाचं नाव घ्यायचं, त्यांनी पाठमोरं उभं राहून हातानं कप्पा दाखवायचा. नांदेडच्या गावांना हात अजून बऱ्यापैकी जाई. लातूरच्या गावांना सुरुवातीला निम्म्याहून जास्त चुका. एकदा औशाला चार वेळा चुकले तेव्हा त्यांनी पेन्सिल भिंतीवर फेकली. "न्हाई बसत! जागाच न्हाई आत!" मी पेन्सिल उचलून आणली. दोन्ही टोकं मोडली होती. मी त्यांना काही शहाणपण सांगितलं नाही, पेन्सिलीला टोकं काढत बसले. थोड्या वेळानं ते आपणच म्हणाले, "औसा पुन्यांदा विचार." पुन्हा चुकले. पंधरा दिवसांनी चुकले नाहीत.

आणि मग फाल्गुनातला तो मंगळवार आला. काका शिरूर अनंतपाळला गेले होते. मला त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तीन वाजले, चार वाजले. मुदखेडात मोबाइल वाजला. म्हणजे मोबाइल घरीच होता. ताईचा फोन. मी उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका झोपलेत." फोन ठेवला आणि पायात चपला अडकवल्या. स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीला विचारून आले, पुन्हा गेले. लातूरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात मी मान उंच करून बघत होते. त्या तीन तासांत मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणी मला दिल्या नसतील.

दिवे लागले तेव्हा काका एका गाडीतून उतरले. शर्टाची इस्त्री मोडली होती, चेहरा उन्हानं काळवंडला होता. कंडक्टर त्यांचा दंड धरून खाली उतरला आणि मला म्हणाला, "तुम्हीच भोकर का? घ्या, सांभाळून नेऊन पोचवा म्हनले लातूरवाले." मी स्टँडवर सगळ्यांसमोर रडले.

घरी मी भाकरी थापली. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर ते बोलायला लागले.

शिरूर दोन. एक शिरूर ताजबंद, एक शिरूर अनंतपाळ. हे काकांना कागदावर पाठ होतं. पण कंडक्टरनं कुठलं विचारलं तेव्हा ते नुसतं 'शिरूर' म्हणाले आणि अलीकडच्या ताजबंदला उतरले. "जन्मभर लोकांना तालुक्यावरून बोललो," ते म्हणाले, "अन् मी सोता तालुका न सांगता निघालो. मीच मिससेंट." हे सांगताना ते हसत होते. पुढचं सांगताना हसले नाहीत. दोन तास उन्हात फिरल्यावर, परत जाऊ म्हणून ते एका झाडाखाली टेकले आणि त्यांच्या डोक्यातून घर गेलं.

"नांदेड म्हनून गाव हाय, तेवढं म्हाईत. पन माझी गल्ली कोनती, दार कसलं, दारात कोन, काहीच येईना. लोक विचारून राहिले, बाबा कुठं जायचं? काय सांगू? भोकर, मी लई भ्यालो."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

समोर टपाल कचेरी होती. दुपारची थैली बांधून एसटीत चढवताना त्यांनी पाहिलं. "ते पाह्यलं अन् मनात म्हनलो, मला काही आठवत नसलं तरी ही थैली कुठं तरी पोचनारच. थैली कधी वाटंत बसून ऱ्हात न्हाई. मी तिच्या मागं चढलो." थैली लातूरला उतरली. काका तिच्यामागून उतरले आणि टपालाच्या सॉर्टिंगच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत एक बाई पत्रं लावत होती. काका तिला म्हणाले, "बाई, मी रिटायर सॉर्टर हाय. मिससेंट झालोय. मला पुढं काढा."

ती बाई हसली नाही, याचं काकांना फार अप्रूप होतं. तिनं पाणी दिलं आणि पत्ता विचारला. पत्ता येईना. तेव्हा काकांनी तिच्याकडे कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागितला. मांडणीसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि रोजच्यासारखे हात चालवायला लागले. मांडणी परकी होती, पण हात आपल्या घरच्या भिंतीवर फिरत होता.

"मुदखेड, उमरी, धर्माबाद," काका भाकरीच्या ताटावर बोटानं दाखवत होते. "काही न्हाई. मग भोकर. भोकर म्हनलो अन् हात थांबला. भोकर आलं तशी तू आलीस. तू आलीस तं जिना आला, तू दाणदाण उतरतीस त्यो. जिना आला तसं घर आलं. घर आलं तसा सगळा पत्ता आला." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पन्नास वर्सांचं जुनं टपाल अडकून पडलं होतं. तीन वर्सांच्या नव्या वाटंनं सुटलं."

मी आणखी एक भाकरी वाढली.

त्या बाईनं काकांना वहीच्या एका कोऱ्या पानावर लातूरचा त्या दिवसाचा शिक्का मारून दिला होता. काकांनीच मागून घेतला. वर त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, मिससेंट. हात धुऊन ते म्हणाले, "मुदखेडहून फोन आन. पुण्याला लाव."

"काका, मी ताईंना झोपलेत म्हणून सांगितलंय."

"तू लपवलंस. मी लपवनार न्हाई." आणि त्यांनी ताईला सगळं सांगितलं. शिरूर, झाड, भीती, थैली, सगळं. शेवटी म्हणाले, "मी चुकलो व्हतो अन् मी पोचलो. दोन्ही लिवून घे."

ताई दोन दिवसांत आली. आधी माझ्यावर ओरडली, आणि ते तिनं ओरडायलाच हवं होतं. मग काकांवर ओरडता ओरडता रडायला लागली. "बाबा, मला तिकडे घास गिळत नाही हो." काकांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "परीक्षा घे." तिनं डोळे पुसत, रागारागानं, कप्प्यांवरची नावं उलटीसुलटी विचारली. निलंगा, बिलोली, चाकूर, रेणापूर, देगलूर, औसा. काका तिच्याकडे तोंड करून उभे, हात मागे. दोन चुका झाल्या. शिरूर विचारलं तेव्हा हात थांबला आणि काका म्हणाले, "तालुका सांग." ताई रडता रडता हसली.

डॉक्टरनं पुन्हा तपासलं. ढासळलेलं नाही, म्हणाली. जुन्या काही गोष्टी निसटतायत, नव्या बसतायत. मंगळवार बंद करू नका, पण खिशात पत्ता ठेवा. ताईनं बराच विचार केला आणि म्हणाली, "दिवाळीपर्यंत. दिवाळीला मी बघेन आणि मग शेवटचं ठरवेन." काकांनी त्याच दिवशी शर्टाच्या खिशात पत्त्याचं कार्ड घातलं. तालुक्यासकट.

उन्हाळ्यात माझी बदली झाली, आणि नेमकी लातूरला. सामान भरलं त्या दिवशी काकांनी मदत केली नाही की अडवलंही नाही. निघताना भोकरच्या कप्प्यातली माझी किल्ली मी परत ठेवायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. कप्पा तुझाच हाय."

दिवाळी आली, गेली. काय ठरलं ते मला कळलं नव्हतं. दोनदा फोन केला, वाजत राहिला. काका मुदखेडला सहसा जातच नसत. ताईला विचारायचा मला धीर होईना. पुण्याच्या एखाद्या हॉलमध्ये, भिंतीला टीव्ही, आणि काकांचा हात मांडीवर नुसता पडलेला, असं काहीतरी डोळ्यांसमोर येई आणि मी फायलीत डोकं घालत असे.

मार्गशीर्षात एका सकाळी आमचा शिपाई पोस्टकार्ड नाचवत सेक्शनमध्ये आला. "हे कार्ड पुन्हा आलं बघा! इथं भोकर कोन हाय?"

कार्डावर पत्ता होता: 'भोकर, यांस,' खाली आमच्या कचेरीचं नाव, लातूर, तालुका लातूर, जिल्हा लातूर. आवक टेबलावरच्या हुशार माणसानं ते आमच्या खात्याच्या भोकरच्या कचेरीचं समजून रीतसर तिकडे रवाना केलं होतं. भोकरवाल्यांनी आठवडाभर ठेवून, कुणाचं कळेना म्हणून परत धाडलं होतं. पाठपोट शिक्के. मी मजकूर वाचायच्या आधी सगळ्यात पहिला शिक्का शोधला. नांदेड. दिवाळीनंतरचा.

"मी," मी म्हणाले. "भोकर मीच."

अक्षर थोडं हललेलं होतं, पण ओळी सरळ होत्या. 'भोकर, पुण्याची थैली रिकामी परत गेली. पोरगी म्हणाली, राहा. दर मंगळवारी फोन करायचा, एवढीच अट. देवणी राहिलं आहे, त्या बाजूला येईन तेव्हा लातूरला उतरेन, स्टँडवर चहा पाज. तुझं नाव आठवत नाही. विचारलं होतं का मी? पण तू आठवतेस.'

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. खूप वेळ वाजला. मग उचलला गेला.

"ऊटा आय्ता?" पलीकडून आवाज आला.

"आय्ता, काका. तुमचं कार्ड आज मिळालं."

"आज?" ते म्हणाले. बोटांवर दिवस मोजत असावेत. "एवढा उशीर? कुठनं गेलं ते?"

"इथून चुकून भोकरला गेलं. तिथून फिरून आलं."

"भोकरहून आलं?" काका म्हणाले, आणि मला त्यांचं हसू ऐकू आलं. "मग बरोबर आलं की गं. मी बी त्या दिवशी तिकडूनच घरी आलो होतो."